अठ्ठ्याहत्तर खेळ्यांची वही

जानेवारी २०२५मध्ये मुंबईला जाऊन मी स्क्रॅबलच्या स्पर्धेत बारा सामने खेळले आणि त्यातले नऊ हरले. पहिल्या स्पर्धेत हरण्याचं काही वाटून घ्यायचं नसतं, असं सगळेच म्हणाले. पण आपण नेमकं कुठे हरलो हे शोधायला मला पुढचे पाच महिने लागले, आणि त्या पाच महिन्यांत विचारायला जवळ कोणी नव्हतं. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात स्क्रॅबल ठाऊक असलेली माणसं दोनच. एक मी, दुसरे माझे सासरे, तेही नाइलाजाने. म्हणून जे घडलं ते क्रमाने लिहिते. कुणी असंच एकटं हे करायला बसलं असेल तर त्याचे दोन-चार आठवडे वाचतील.

मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते. बारावीपर्यंत मराठी माध्यम, मग डी.एड. इंग्रजी वाचण्यापुरतं येतं, बोलताना अजून घसा कोरडा पडतो. स्क्रॅबल घरात आलं २०२०च्या टाळेबंदीत. भाची आठ दिवसांसाठी म्हणून आली आणि चार महिने अडकली. तिच्या बॅगेत तो डबा होता. मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, खाटेवर बोर्ड मांडून आम्ही दोघी दुपार काढायचो. ती गेल्यावर डबा इथेच राहिला आणि मी एकटीच दोन्ही बाजूंनी खेळायला लागले.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बोर्डावर पंधरा गुणिले पंधरा घरं. पिशवीत १०० टाइल्स, त्यातल्या ९८ अक्षरांच्या आणि २ कोऱ्या. समोरच्या रॅकवर सात टाइल्स. शब्द लावायचा, गुण लिहायचे, जितक्या लावल्या तितक्या पिशवीतून काढायच्या. सातही एका खेळीत लावल्या की ५० गुण जादा, त्याला बिंगो म्हणतात. अमेरिकेतल्या आल्फ्रेड बट्स नावाच्या वास्तुविशारदाने १९३०च्या दशकातल्या मंदीत हाताला काम नसताना हा खेळ रचला. वर्तमानपत्राच्या पानावर कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजून त्याने टाइल्सची संख्या ठरवली. एस मात्र चारच ठेवले, नाहीतर जो तो अनेकवचन करत सुटला असता. या एसने पुढे मला फार छळलं.

स्पर्धेत उतर म्हणून भाची दोन वर्षं मागे लागली होती. माझं उत्तर ठरलेलं होतं: माझं इंग्रजी तेवढं नाही. शेवटी तिने मला न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सची गोष्ट सांगितली. इंग्रजी स्क्रॅबलमध्ये जगज्जेता असलेल्या या माणसाने २०१५मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचं जागतिक अजिंक्यपद जिंकलं, आणि त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. नुसते शब्द पाठ केले होते. (माझा अर्ज भरून झाल्यावर, २०२४च्या नोव्हेंबरात, त्याने स्पॅनिशचंही जिंकलं.) म्हटलं, त्याला फ्रेंच येत नाही आणि मला इंग्रजी येत नाही. निदान एवढं तरी साम्य आहे.

ऑक्टोबरमध्ये ऑनलाइन अर्ज भरला. प्रवेश शुल्क १५०० रुपये, यूपीआयने भरून स्क्रीनशॉट जोडायचा. एका रकान्यात रेटिंग, म्हणजे आधीच्या स्पर्धांवरून ठरणारा खेळाडूचा आकडा, विचारलं होतं. मी तिथे शून्य लिहिलं, तर अर्ज परत आला. रेटिंग नसणं वेगळं आणि शून्य असणं वेगळं. नवीन खेळाडूने तो रकाना रिकामा सोडायचा असतो. शब्दकोश कोणता, हेही तिथेच बघून घ्या. आपल्याकडे कॉलिन्सची यादी चालते, अमेरिकेत आणि कॅनडात वेगळी. हे मी त्या वेळी वाचलं आणि विसरले. त्याची किंमत फेब्रुवारीत मोजली.

आमच्याकडून पुलगावला एसटीने जायचं आणि तिथून रात्रीची गाडी धरायची. २०२३च्या मार्चपासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तेवढाच आधार. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. मी चार दिवस उशिरा जागी झाले आणि वेटिंग २३ मिळालं. महिनाभर रोज सकाळी चहाआधी तो आकडा बघायची सवय लागली होती. दोन दिवस राहिले असताना जागा पक्की झाली.

रजेचं सांगायलाच हवं, कारण माझ्यासारख्या शिक्षिकांची तिथेच अडचण होते. शुक्रवार, शनिवार आणि सोमवार, अशी तीन दिवसांची किरकोळ रजा. वर मुख्यालय सोडण्याची परवानगी वेगळी. दोनच शिक्षक असल्यामुळे दुसऱ्या सरांनी त्या दिवशी हजर राहण्याचं कबूल करणं, हा खरा अर्ज. सरांनी कारणाचा रकाना वाचून विचारलं, ‘मॅडम, शब्दजुळणीची स्पर्धा असं लिहिता का? केंद्रप्रमुख हसतील ना.’ मग ‘खासगी काम’ असं लिहिलं. खोटं तर नव्हतं.

१८ जानेवारी, शनिवार. हॉलमध्ये रांगेने टेबलं, प्रत्येक टेबलावर बुद्धिबळाचं असतं तसं दोन तोंडांचं घड्याळ. प्रत्येकाला २५ मिनिटं, त्यावरच्या प्रत्येक मिनिटाला १० गुण वजा. मी खाटेवर खेळणारी बाई, एका खेळीला चहा होईपर्यंत वेळ घेणारी. पहिल्या सामन्यात शब्द लावला आणि घड्याळ दाबायचं विसरूनच बसले. समोर तेरा-चौदा वर्षांचा मुलगा होता. त्याने दोनदा घड्याळाकडे नुसती मान हलवली. तिसऱ्यांदा म्हणाला, ‘आंटी, तुमचा वेळ चालू आहे.’ पिशवी डोळ्यांच्या वर धरून टाइल काढायची असते, हेही तिथेच कळलं. बसल्या बसल्या मांडीवर पिशवी घेऊन चाचपत होते, शेजारच्या टेबलावरून खाकरल्याचा आवाज आला.

त्या दिवशी सहा सामने, एक जिंकला. रात्री डोंबिवलीला भाचीकडे पोहोचले, पाठ धरली होती. तिने निकाल विचारलाच नाही.

‘मावशी, रॅक लिहिलेस का?’

‘कसले रॅक?’

‘प्रत्येक खेळीला तुझ्याकडे कोणत्या सात टाइल्स होत्या, ते. त्याशिवाय घरी जाऊन काय तपासणार?’

मी फक्त गुण लिहिले होते, बाजाराच्या हिशेबासारखे. म्हणजे पहिले सहा सामने गेले ते गेलेच. ही एक गोष्ट लक्षात ठेवा: आपली पाळी आली की शब्द शोधण्याआधी सात अक्षरं कागदावर उतरवा. पाच सेकंदही लागत नाहीत. मग खेळी, तिचं ठिकाण आणि गुण. ठिकाण लिहायची सोपी रीत आहे. ओळींना १ ते १५ आकडे, उभ्या रकान्यांना ए ते ओ अक्षरं. शब्द आडवा असेल तर आकडा आधी, उभा असेल तर अक्षर आधी.

रविवारी तसं केलं. सहा सामने, दोन जिंकले. सोमवारी सकाळी पुलगावला उतरले तेव्हा पर्समध्ये सहा कागद होते, एकावर चहा सांडलेला. मंगळवारी शाळेत पोरांनी विचारलं, ‘मॅडम, कप कुठं आहे?’

घरी आल्यावर माझा निष्कर्ष तयार होता: शब्द कमी पडले, इंग्रजी कमी पडलं, विषय संपला. कॉलिन्सच्या यादीत दोन लाख ऐंशी हजारांच्या आसपास शब्द आहेत. त्यातले मला किती येतात ते मोजायचीही हिंमत नव्हती. दोन अक्षरी १२७ शब्द तेवढे पाठ होते, स्वयंपाकघरात डब्यांवर चिकटवून केलेले. बाकीचा डोंगर या जन्मात चढून होणार नाही, असं म्हणून मी डबा माळ्यावर टाकणार होते. भाचीने जुना लॅपटॉप कुरियरने पाठवला आणि त्यात एक प्रोग्राम घालून दिला. निदान एक सामना तपास, म्हणाली, मग टाक माळ्यावर.

प्रोग्रामचं नाव क्वॅकल. फुकट मिळतो. जेसन कॅट्झ-ब्राउन आणि जॉन ओ’लाफलिन यांनी तो तयार केला. २००६मध्ये टोरांटोत त्याने डेव्हिड बॉइज या माजी जगज्जेत्याला हरवलं होतं. तेव्हा याच्याशी खेळून जिंकायचं मनातही आणू नका. त्याच्याकडून तपासून घ्यायचं असतं. आपला सामना खेळी खेळी करून त्यात भरायचा. कोणत्याही खेळीपाशी थांबून विचारलं की तो त्या रॅकवर शक्य असलेल्या खेळ्यांची यादी देतो, चांगलीपासून वाईटाकडे.

फेब्रुवारीचे पहिले पंधरा दिवस मी वाया घालवले. मी दोन ई जोडून लावलेला शब्द तो चूक दाखवायचा, समोरच्याने लावलेले कितीतरी शब्द लाल. मला वाटलं मला फसवलं की काय सगळ्यांनी. तीन सामने भरून झाल्यावर लक्षात आलं, आत अमेरिकन यादी निवडलेली होती. बदलली आणि पुन्हा पहिल्यापासून. त्यात आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी वीस मिनिटांची. दर तीन-चार खेळ्यांनंतर सामना जतन करायचा, हा धडा दोनदा शिकले.

यादीत गुणांच्या रकान्याशेजारी आणखी एक आकडा असतो. मला आठवडाभर तो कळलाच नाही. कमी गुणांची खेळी वर आणि जास्त गुणांची खाली, असं कसं? मग भाचीने फोनवर समजावलं. खेळी झाल्यावर रॅकवर जे उरतं, त्यालाही किंमत असते. एक एस जवळ राहिला तर तो साधारण आठ गुणांचा, कोरी टाइल पंचवीसच्या आसपासची, क्यू उरला तर उलट खड्ड्यात. दोन सारखी अक्षरं उरणं वाईट, स्वर आणि व्यंजनं बरोबरीने उरणं चांगलं. मिळालेले गुण अधिक उरलेल्याची किंमत, यावर खेळीचा क्रम लागतो. आणखी खोलात जायचं असेल तर सिम्युलेशन चालवायचं. न दिसलेल्या टाइल्समधून समोरच्याला कोणत्याही सात देऊन तो पुढच्या एक-दोन खेळ्या खेळून बघतो, पुन्हा पिशवी हलवतो, पुन्हा खेळतो, असं शेकडो वेळा, आणि सरासरी काढतो. माझ्या लॅपटॉपवर हजार फेऱ्यांना दहा-बारा मिनिटं लागायची, तेवढ्यात दुधाला विरजण लावून होतं. दोन खेळ्यांत गुण-दीड गुणाचा फरक निघाला तर त्यावर डोकं फोडू नका, पुन्हा चालवलं तर क्रम उलटाही होतो.

आता ती एसची गोष्ट. सातव्या सामन्यातली, म्हणजे रविवारच्या पहिल्या, तिसरी खेळी. रॅकवर एफ, ए, आर, एम, एस, ई, एन. मी ‘फार्म्स’ लावलं, दुहेरी शब्दाच्या घरावर, जिथे शब्दाचे गुण दुप्पट होतात, २० गुण. लावताना छानही वाटलं, शेतकऱ्याच्या घरचा शब्द. प्रोग्रामने त्याच जागी ‘फार्म’ सुचवलं, एसशिवाय, १८ गुण. म्हणजे दोन गुणांसाठी मी आठ गुणांचा एस देऊन आले होते. जवळ ई, एन, एस राहिले असते तर पुढच्या हाती बिंगोची आशा होती. मी त्या पडद्याकडे बघत बसले होते. मामाजी पाणी प्यायला उठले आणि विचारू लागले, काय झालं म्हणून. मी सांगितलं, दोन गुणांसाठी चांगलं अक्षर खर्च केलं.

‘बियाचं सोयाबीन बजारात नेऊन इकलं म्हन की,’ ते म्हणाले. ‘भाव दोन रुपये जास्त भेटला म्हून. मंग जूनमंदी काय पेरतं?’

मामाजींना स्क्रॅबलमधलं इंग्रजी एक अक्षर कळत नाही. पण त्या रात्रीपासून मी वहीत त्या प्रकारच्या चुकीपुढे ‘बी विकलं’ असं लिहायला लागले.

वही म्हणजे साधं दोनशे पानी रजिस्टर, शाळेच्या हजेरीसारखे रकाने पाडलेलं. माझी खेळी, प्रोग्रामची खेळी, फरक किती, कारण. कारणांसाठी मी पाच शब्द ठरवले: येत नव्हता, दिसला नाही, बी विकलं, बदलायला भ्याले, मोजणी चुकली. हे रकाने आधी पाडले नाहीत तर नुसतं हळहळणं होतं, हाती काही लागत नाही.

बदलायला भ्याले म्हणजे असं. आपली पाळी सोडून रॅकवरच्या टाइल्स पिशवीत टाकून नव्या घेता येतात, पिशवीत निदान सात शिल्लक असतील तर. आठव्या सामन्यात माझ्याकडे तीन आय, दोन यू, एक ओ आणि एक व्ही आला. मी ओ आणि आय लावून पाच गुण घेतले आणि बाकीची रद्दी जपून ठेवली. पुढच्या दोन्ही खेळ्या तशाच कुथत गेल्या. प्रोग्रामचं म्हणणं होतं, बदला. ते मलाही तिथे बसल्या बसल्या कळलं होतं. पण गुणांच्या रकान्यात शून्य लिहायची लाज वाटली. मास्तरीण ना मी, भोपळा आम्ही दुसऱ्यांच्या वहीत काढतो. त्याच सामन्यात क्यूही आला होता. क्यू आणि आयचा दोन अक्षरी शब्द मला पाठ होता, जागाही होती, तरी मोठ्या घरावर बसवीन म्हणून चार खेळ्या धरून ठेवला. शेवटपर्यंत तो रॅकवरच राहिला. समोरच्याच्या टाइल्स आधी संपल्या की आपल्याकडे उरलेल्यांच्या दुप्पट गुण त्याला मिळतात. क्यूचे दहा, दुप्पट वीस.

एप्रिल लागला, पारा चव्वेचाळीसवर गेला, रात्री नऊलाही भिंती तापलेल्या. शाळा सकाळची झाली, म्हणून मी दुपारी कूलरसमोर बसायला लागले, लॅपटॉप माझ्यापेक्षा जास्त हवेत. नववा सामना काढला. यात मी ९० गुणांनी हरले होते आणि पत्त्यांनी दगा दिला, तसं टाइल्सनी दिला, अशी माझी पक्की समजूत होती. सहाव्या खेळीपाशी थांबले.

रॅकवर ए, जी, आय, आय, एल, एन, एस. याच्यातून ‘सेलिंग’ होतं हे मला तिथेच दिसलं होतं. सात अक्षरं, बिंगो! आणि जागा शोधताना डोळे फिरले, कारण बोर्ड गच्च झाला होता. एकच जागा दिसत होती. उजव्या कडेजवळ, एन रकान्यात, ‘बोट’ हा शब्द उभा होता. त्याच्या खाली एस लावला तर बोटचं अनेकवचन होतं. पण सेलिंग एसने सुरू होतो आणि त्या घराच्या पुढे बोर्डाचं एकच घर उरतं. पाच अक्षरं अधांतरी लटकली असती. बोट समोर उभी, शीड माझ्या हातात, आणि लावायला जागा नाही! सहा मिनिटं घालवून मी १६ गुणांचं काहीतरी लावलं.

प्रोग्रामच्या यादीत सगळ्यात वर त्याच घरात, १२-एचपासून आडवी, सात अक्षरी खेळी होती, ७५ गुणांची. एन, आय, एल, जी, ए, आय, एस. मी ते दोनदा मोठ्याने वाचलं. नीलगाईज. शेवटी एस. त्यामुळे शब्द डावीकडून येतो आणि बोटीखाली येऊन थांबतो.

नीलगाय! आमच्याकडे तिला रोही म्हणतात. आमच्या वावरातला हरभरा दर वर्षी रोही खातात. मामाजी थंडीत माळ्यावर जागलीला जातात ते रोह्यांसाठी, कुंपणात वीज सोडणाऱ्या झटका मशीनचा हप्ता भरला तो रोह्यांसाठी, पंचनाम्याचे कागद घेऊन चपला झिजवल्या त्या रोह्यांच्यापायी. आणि यादीत तो शब्द आहे हे मला माहीत होतं. रोटी, घी, लाख, करोड, नीम, ज्वारी, तहसीलदार, असे आपल्याकडचे बरेच शब्द कॉलिन्समध्ये आहेत. भाचीने २०२०मध्येच मला त्यांची यादी करून दिली होती, त्यात नीलगाय होती. सेलिंग मी जन्मात पाहिलेलं नाही, ते दिसलं. वावरातला रोही दिसला नाही. कारणाच्या रकान्यात मी ‘येत नव्हता’ असं लिहायला घेतलं आणि खोडलं. ‘दिसला नाही’ असं लिहिलं.

त्या दिवशी पुढे काही तपासलं नाही.

दहाव्या आणि अकराव्या सामन्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. एक जिंकला, एक हरला. हरलेल्यात माझ्या बहुतेक खेळ्या प्रोग्रामच्या पहिल्या दोनांत होत्या. समोरच्या बाईंना दोन्ही कोऱ्या टाइल्स आणि तीन एस मिळाले. असंही होतं. तो सामना तपासून मला जितकं बरं वाटलं तितकं जिंकलेला तपासूनही वाटलं नाही. जिंकलेल्यात मी एक बिंगो सोडला होता आणि समोरच्याने दोन.

बारावा सामना मी ९ गुणांनी हरले. शेवटी पिशवी रिकामी झाली की समोरच्याकडे काय आहे हे नक्की कळू शकतं, जर तुम्ही मोजत आला असाल तर. छापील तक्त्यावर सगळ्या १०० टाइल्स असतात, बोर्डावर आलेली खोडत जायची. हा तक्ता वापरायला परवानगी असते. आर्वीला झेरॉक्सच्या दुकानातून मी पन्नास प्रती काढून नेल्या होत्या. तर माझ्याकडे तीन टाइल्स उरल्या होत्या, समोरच्या खेळाडूकडे एक. तक्त्याप्रमाणे तिची एक टाइल आय होती. निरुपद्रवी. मी निवांतपणे दोन टाइल्सच्या खेळीत १३ गुण घेतले आणि एक ठेवली, पुढच्या पाळीला लावू म्हणून. तिने जे काढला. बोर्डावरच्या ओला लावून ‘जो’ केलं, दुहेरी शब्दाचं घर, १८ गुण, वर माझ्या उरलेल्या टाइलचे दोन.

घरी तक्ता पुन्हा लावला तेव्हा दिसलं: अर्ध्या सामन्यापूर्वी कधीतरी आय खोडायच्या जागी मी शेजारचा जे खोडला होता. जे तिच्याकडे आहे हे कळलं असतं तर तीनही टाइल्स लावून ८ गुणांत मोकळी झाले असते, आणि तिच्या जेचे दुप्पट, सोळा, मला मिळाले असते. नऊने हरण्याऐवजी बावीसने जिंकले असते. इंग्रजीचा यात काय संबंध? पहिलीच्या पोरांना आम्ही बोट ठेवून मोजायला लावतो. आता मी पिशवीत वीस टाइल्स राहिल्या की एकदा थांबून तक्ता पुन्हा मोजते. अर्धं मिनिट जातं.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात बेरीज केली. सहा सामने, माझ्या खेळ्या ७८. त्यातल्या ३१ बरोबर किंवा बरोबरच्या जवळ. उरल्या ४७. येत नव्हता, ११. दिसला नाही, ९. बदलायला भ्याले, ३. मोजणी आणि घड्याळाची घाई, ५. बी विकलं, १९.

मी पुन्हा मोजलं. एकोणीसच.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर शब्द पाठ करायची गरज नाही असा कोणाचा समज व्हायचा. न येणाऱ्या अकरा शब्दांनी एकेका फटक्यात तीस-चाळीस गुण नेले, एकूण नुकसान त्यांचंच जास्त. बी विकण्याची चूक दर वेळी सहा-सात गुणांची, माठ पाझरतो तशी. पण सामन्यामागे तीन वेळा म्हणजे वीसेक गुण होतात, आणि माझे दोन सामने वीसच्या आत हरलेले आहेत. दोन लाख ऐंशी हजार शब्दांपुढे मी काय करणार होते? पाच-दहा आणखी पाठ केले असते. आणि खेळी लावण्याआधी हात थांबवून रॅकवर काय उरतंय हे बघायला मला तीन आठवड्यांत जमलं. मे महिन्यात भाचीशी ऑनलाइन वीस सामने खेळले, तिच्याविरुद्ध आधी दहात एक जिंकायचे, आता वीसात सहा. शब्दही करते आहे, रोज दहा, भाकरी थापताना. पण क्रम बदलला. ज्या अक्षरांच्या जोड्या रॅकवर वारंवार उरतात त्यांचे शब्द आधी.

खर्च विचारला जातो म्हणून लिहिते. प्रवेश शुल्क धरून जाण्यायेण्याचे आणि खाण्याचे मिळून चार हजारांच्या आत आले, मुक्काम भाचीकडे होता म्हणून. तपासणीला रजिस्टरचे नव्वद आणि झेरॉक्सचे शंभर. आणि पाच महिने. एक सामना नीट तपासायला मला चार ते पाच रात्री लागल्या. घाई करणाऱ्याने एकच सामना घ्यावा, थोडक्यात हरलेला. मोठ्या फरकाने हरलेल्यात मन रमत नाही, जिंकलेल्यात डोळे उघडत नाहीत.

बेरीज झाली त्या रात्री साडेदहाला बाहेरून मामाजींची हाक आली.

‘सुनबाई, टार्च आन. रोही घुसले.’

मृगात पेरलेलं सोयाबीन नुकतं बोटभर वर आलं होतं. मी रजिस्टर तसंच उघडं टाकून टॉर्च आणि थाळी घेऊन धावले. बांधावर पोहोचलो तर रोही सोयाबीनच्या तासांत उभे होते, टॉर्चच्या उजेडात डोळे हिरवे चमकत होते. मामाजींनी थाळी बडवली. ते एकदम पळाले नाहीत, आधी माना वर करून आमच्याकडे बघितलं.

‘किती हायेत?’ मामाजींनी विचारलं. त्यांना रात्रीचं दिसत नाही आता.

मी उजेड फिरवून मोजले. चार होते. म्हणजे एस लागतोच.